शेवटच्या चेंबरपर्यंत

आमच्या तळमजल्यावरच्या काकूंकडे मसाला वाटायचा एक पाटा आहे. काळ्या दगडाचा, चांगला जड. गेली चार वर्षं त्याच्यावर मसाला वाटला गेलेला नाही. तो न्हाणीघरातल्या जाळीवर पालथा पडलेला असतो, वर पाण्याने भरलेली बादली. अंघोळीपुरता बाजूला करायचा, मग पुन्हा जागेवर. वरच्या तीन मजल्यांचं जे खाली जातं ते उलटं वर येऊ नये, म्हणून हा बंदोबस्त. काकूंना विचारलं तर म्हणतात, ‘‘थांबत नाही गं त्याने काही. पण उंदीर आणि घूस तरी येत नाही.’’

मी सोसायटीची खजिनदार. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला सोसायटीत हेच पद मिळतं, नको म्हणायची सोय नसते. पहिल्याच महिन्यात जुनी व्हाउचरं चाळली. ‘चोकअप’ या एका शब्दाखाली पाच वर्षांत 1,86,000 रुपये गेले होते. कधी बांबूच्या पट्ट्या घालणाऱ्याला 1,500, कधी जेटिंग मशीनवाल्याला 7,000. दर वेळी पाणी उतरायचं, सगळे निश्चिंत व्हायचे, आणि काकूंचा पाटा तिथेच राहायचा.

इमारत मुलुंड पूर्वेची, 1983ची. दोन विंग, 32 घरं. 1957 साली मुलुंड मुंबईच्या हद्दीत आलं, पण हद्द वाढली त्या दिवशी काही जमिनीखाली नळ पोहोचले नाहीत. आमच्याकडेही सुरुवातीला मागच्या अंगणात सेप्टिक टँकच होती, महापालिकेच्या वाहिनीला जोडणी नंतर मिळाली. लाइन मात्र मूळचीच: चिनी मातीचे सहा इंची पाइप, दोन-दोन फुटांचे तुकडे, सिमेंटने सांधलेले. चिनी माती आपल्या पश्चातही टिकेल. टिकत नाही तो सांधा, आणि 200 फुटांच्या लाइनीत असे शंभर सांधे. खाडीच्या बाजूची चिकणमाती बसत जाते, तुकडा तुकड्यापासून केसभर सुटतो, आणि त्या केसभर फटीचा पत्ता पिंपळाला बरोबर लागतो.

‘‘रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग कशाला पैसे घालायचे?’’ हे वाक्य उपनगरातल्या प्रत्येक सोसायटीच्या इतिवृत्तात सापडेल. आमच्याकडे बिल्डर 11 वर्षांपासून येतोय. घाण मात्र त्याची वाट बघत नाही.

मुळात ही लाइन कुणाची, इथूनच वाद सुरू होतो. कुंपणाच्या आतलं सगळं सोसायटीचं, रस्त्याखालची मुख्य वाहिनी महापालिकेची. पाण्याच्या बिलात मलनिःसारण आकार भरतो तो त्या रस्त्याखालच्या व्यवस्थेचा, अंगणातल्या पाइपाचा नव्हे. तुंबलं की एक साधी परीक्षा करावी. कुंपणालगतचं शेवटचं चेंबर उघडायचं. ते काठोकाठ भरलेलं असेल तर अडचण बाहेर आहे, 1916ला फोन लावायचा. शेवटचं कोरडं आणि मागची भरलेली असतील तर दुखणं आपलं. आमचं शेवटचं चेंबर खडखडीत कोरडं होतं. त्यात डोकावून अध्यक्ष इतके खिन्न झाले, की जणू महापालिकेनेच विश्वासघात केला.

सेक्रेटरींनी तीन कोटेशनं मागवली. 2,90,000, 5,20,380 आणि 7,85,000. काम एकच, अंगण एकच. वीस मिनिटं सगळे स्वस्त कोटेशनकडे मायेने बघत होते. मी ते वाचायला घेतलं. एका पानावर एकच ओळ: ड्रेनेज लाइन बदलणे, एकूण रक्कम. किती फूट, कोणता पाइप, चेंबर नवी की जुनीच लिंपलेली, उखडलेले पेव्हर ब्लॉक कोण बसवणार, डेब्रिज कोण नेणार, कशाचाच उल्लेख नाही. जीएसटीचाही नाही.

मधलं कोटेशन चार पानांचं होतं, म्हणून मला आवडलं. 200 फूट लाइन, खोदाई आणि पाइप धरून फुटाला 1,100. म्हणजे 2,20,000. अकरा चेंबर, प्रत्येकी 14,000. म्हणजे 1,54,000. पेव्हर ब्लॉक काढून पुन्हा बसवणं 42,000, डेब्रिजच्या पाच गाड्या 25,000. त्यावर 18 टक्के जीएसटी. पाइपाची किंमत या सगळ्यात किती लहान आहे ते बघा. पैसे जातात खणण्यात, चेंबर बांधण्यात आणि उकरलेलं पूर्ववत करण्यात. हे आकडे आमच्या अंगणाचे आहेत, ते उचलून घाटकोपरला लावू नका. टेकडीच्या अंगाला कातळ लागला की ब्रेकर आणावा लागतो आणि फुटाचा दर बदलतो.

तिसऱ्याने आठ इंची पाइप सुचवला होता. जास्त पैसे म्हणजे चांगलं काम, असं दोघा-तिघांना वाटलं. पण 32 घरांच्या पाण्याला आठ इंचात जोर राहत नाही. पाणी पुढे जातं, गाळ मागे बसतो. पाइपाच्या जाडीपेक्षा उतार महत्त्वाचा. सहा इंचीला ठोकताळा 60 फुटांना एक फूट, म्हणजे आमच्या 200 फुटांत तीन फूट चार इंच. शेवटच्या चेंबरचा तळ आपल्या हातात नसतो, बाहेरची वाहिनी जिथे आहे तिथे तो राहणार. म्हणून तिथून उलटं मोजत इमारतीपर्यंत यायचं. हे ज्या ठेकेदाराने न विचारता सांगितलं, त्याला काम द्यावं.

स्वस्तवाल्याला मी एकच प्रश्न विचारला होता. मागची जुनी सेप्टिक टँक अजून लाइनीतच आहे, ती रिकामी कशी करणार? तो अगदी सहज म्हणाला, ‘‘आदमी उतरेगा, मॅडम.’’

2,90,000मधली बचत कुठून येते ते मला त्या क्षणी कळलं. डिसेंबर 2019मध्ये गोवंडीत एका सोसायटीची सेप्टिक टँक साफ करताना तिघे गुदमरून मेले. त्यांच्या विधवांना नुकसानभरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात वा टाकीत उतरवणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्याच खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. सभेत मी हे वाचून दाखवलं. तीस लाखांचा आकडा ऐकून शांतता पसरली, तिघांचा ऐकून तितकी पसरली नव्हती, हेही नोंदवून ठेवते. टाकीसाठी सक्शनची गाडी वेगळी मागवली.

पैसे गोळा करायची सभा साडेतीन तास चालली. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे कधी तुंबतच नाही. बरोबर आहे, त्यांचं काकूंकडे तुंबतं. दुसऱ्या एकांनी घरटी माणसं मोजायचा प्रस्ताव मांडला: आम्ही दोघं, समोर सात जण. संडास किती वेळा, तेही मोजायचं का, असं समोरच्यांनी विचारल्यावर सेक्रेटरींनी चहा मागवला. आदर्श उपविधींत याचं उत्तर आहे. ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, आणि दुरुस्ती निधी घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के, म्हणजे मोठ्या घराला जास्त, लहानाला कमी. सिंकिंग फंड 0.25 टक्के, पण त्याला हात लावायचा तर मोठ्या दुरुस्तीचं आर्किटेक्टचं प्रमाणपत्र आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. आमचा दुरुस्ती निधी वर्षानुवर्षं ‘मेंटेनन्स वाढवू नका’ या प्रेमळ आग्रहापायी रोडावलेला. शेवटी वर्गणी.

माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिकडे बहुतेक गावांत घरापासून रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीपर्यंतची लाइन घरमालकाची, आणि हजारो डॉलर्सचं बिल तिने एकटीने भरलं. फोनवर कुरकुरत होती. मी म्हटलं, बाई, निदान तुला सभा घ्यावी लागली नाही.

काम फेब्रुवारीत सुरू केलं. पावसाळ्यात चर खणणं म्हणजे विहीर खणणं. नशिबाने कुंपणाबाहेरचा जोडणीचा तुकडा धड निघाला, नाहीतर वॉर्ड ऑफिसची परवानगी, परवानाधारक प्लंबर आणि रस्ता खोदण्याचे वेगळे पैसे. त्यातून रस्ता नवा काँक्रीटचा असेल तर तो फोडू देण्याची आशाच सोडायची. तरी फेब्रुवारीतही चार फुटांवर पाणी लागलंच, चार दिवस पंप चालवावा लागला. कुठल्याच नकाशात नसलेली पाण्याची एक जुनी लाइन फुटली. अखेरचं बिल 5,61,000. घरटी सरासरी साडेसतरा हजार, म्हणजे कोटेशनच्या वर सात-आठ टक्के. जमिनीखालच्या कामाला दहा टक्के बाजूला ठेवावेत असं मला बँकेने नाही, त्या चराने शिकवलं.

एकेका विंगचे संडास दिवसाला सहा तास बंद. नोटीस आधीच लावलेली होती, तरी सकाळी अकराला फ्लशचा आवाज आला की खाली चरात उभे असलेले मजूर वर बघायचे. त्यांच्या पायांत गमबूट, हातांत हातमोजे होते. ते आहेत ना, हे बघायला मी दोनदा खाली जायची. पाय वाचवा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं असताना.

पाचव्या आणि सहाव्या चेंबरच्या मधला पाइप निघाला तेव्हा अर्धी सोसायटी गॅलरीत होती. चिनी मातीचं कवच हातोड्याने फोडलं, आत पिंपळाची मुळं. तंतूंचं विणकाम इतकं दाट की पाइप गळून पडल्यावरही त्याचा आकार तसाच, सहा इंच जाडीचा, मऊ, तपकिरी. मुलांनी फोटो काढले. सेक्रेटरींनी तो तुकडा धुऊन सोसायटीच्या ऑफिसात ठेवलाय, पुढच्या सभेत कुणी ‘गरज होती का’ विचारलं तर दाखवायला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात काकूंकडे गेले. न्हाणीत बादलीभर पाणी ओतलं, घोट घ्यावा तसं सर्रकन गेलं. पाटा जाळीवरून हलवलेला होता, पण स्वयंपाकघरात नव्हता. न्हाणीतच, भिंतीला टेकवून उभा.

‘‘आता वर ठेवू का, काकू?’’

‘‘असू दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एक पावसाळा जाऊ दे.’’