गुरूची असहमती

ज्या ग्रंथातील बहुतेक युक्तिवाद आपणांस मान्य नाहीत, त्याच ग्रंथास प्रस्तावना लिहून देणारा गुरू विरळाच. प्रा. एडविन कॅनन हे असे गुरू होते.

त्यांचा जन्म १८६१ सालचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्था १८९५ साली निघाली. तेव्हापासून १९२६ पर्यंत त्यांनी तेथे अर्थशास्त्र शिकविले. ॲडम स्मिथ यांच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ची त्यांनी १९०४ साली संपादिलेली आवृत्ती अभ्यासकांनी दीर्घकाळ प्रमाण मानली. लायोनेल रॉबिन्स व ह्यू डाल्टन हे त्यांचे विद्यार्थी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही त्यांचेच विद्यार्थी.

बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील तत्कालीन सुवर्ण विनिमय पद्धतीचे समर्थन जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात केले होते. बाबासाहेबांनी तिच्यावरच प्रहार केला. रुपये पाडण्यावर सरकारला कायमची मर्यादा नसेल तर रुपयाचे मोल घसरते, वस्तू महागतात. मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे चलनातील दोषाचा भार अखेर कोणावर पडतो? कष्टकऱ्यावरच!

या पद्धतीविषयीचा शिष्याचा विरोध आपणांस मान्य नाही, हे कॅनन यांनी प्रस्तावनेत उघड लिहिले. तथापि काही घाव अचूक बसले आहेत, विचारांत ताजेपणा आहे आणि व्यवहारातील निष्कर्ष बहुधा बरोबर आहे, हेही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने नमूद केले. बाबासाहेबांनीही गुरूच्या कठोर परीक्षणामुळे आपल्या अनेक चुका टळल्याचे कृतज्ञतेने सांगितले. पण गुरूला रुचत नाही म्हणून आपला सिद्धांत सोडला नाही.

यात आमच्या घराघरांसाठी बोध आहे. आज आमची मुलेमुली विद्यापीठांत संशोधन करीत आहेत. मार्गदर्शक नाराज होईल या भयाने त्यांनी आपले मत गिळावे काय? आणि घरी त्यांनी प्रश्न विचारला, तर आम्ही ‘बाबावाक्यं प्रमाणम्’ म्हणून त्यांचे तोंड बंद करावे काय? बाबासाहेबांचा ग्रंथ नुसता मस्तकी लावण्यासाठी नाही. तो वाचावा, पारखावा, त्यावर वाद करावा. कॅनन यांनी तेच केले, आणि त्याने शिष्याची थोरवी अणुमात्र उणावली नाही.