टायर पार गुळगुळीत व्हायची वाट बघू नका

पिकाचं पान बघून काय कमी पडलंय ते आपण ओळखतो, मग गाडीचा टायर का वाचत नाही? दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच बाजू गेली तर अलाइनमेंट बिघडलेली. कारण न काढता नवा टायर टाकला तर तोही तसाच जाणार.

टायरच्या खाचेत १.६ मिमी उंचीची आडवी पट्टी असते. नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली, मग ती एका कडेला का असेना, की टायर बदलाच. खाचा पाणी बाहेर काढतात. त्या गेल्या की पावसात ब्रेक दाबूनही गाडी घसरते. "अजून एक सीझन जाईल" हा हिशोब मला पटत नाही. गाडीत घरचीच माणसं बसतात.