चेनला जळके ऑइल नको

वसई, नालासोपारा, विरार येथील आपल्या अनेक कारागीर व व्यापारी बांधवांची रोजी मोटरसायकलवर चालते. माल घेऊन महामार्गावर जाताना चेन तुटली तर दिवसाची कमाई जाते. चाकात अडकली तर जिवावर बेतते. तरीही फुकट मिळते म्हणून गॅरेजमधले जळके ऑइल चेनला लावले जाते. ही काटकसर नव्हे. त्यातील काजळी व धातूचा कीस चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही झिजवतो.

योग्य काम घरीच होते. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. चेन रॉकेल व ब्रशने साफ करून कोरडी पुसावी. चाक हाताने फिरवत ९० नंबरचे गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूस सोडावे, जास्तीचे पुसावे. टायरवर थेंबही नको. चालू इंजिनवर हे केल्यास बोटे जातात. साधारण ५०० किलोमीटरला एकदा, पावसाळ्यात व खाडीकाठच्या खाऱ्या हवेत त्याआधीच करावे.

हत्यारे रोज पुसून ठेवणाऱ्या कारागिराने मोटरसायकललाही हत्यारच समजावे. सुट्टीच्या दिवसाची २० मिनिटे पुरतात. हलाल रोजी जपायची, तर तिचे साधनही जपले पाहिजे.