घ चा ध झाला, हेलपाटा मात्र आजीला

परवा एका बँकेत पीककर्जाच्या खिडकीसमोर उभा होतो. बातमीसाठी नाही, चुलत्यांच्या कामासाठी. माझ्यापुढे एक आजी. हातात सातबारा, कॅरीबॅगमध्ये घडी करून जपून आणलेला, तरी पावसानं एक कोपरा भिजलाच होता. साहेबांनी कागद उजेडाकडे धरला, शेजारी आधार ठेवलं आणि म्हणाले, "आडनाव जुळत नाही आजी. आधारवर घ आहे, इथं ध आहे. खालचा नंबर पण फुटलाय. नवीन काढून आणा."

मी मान वाकडी करून बघितलं. आडनाव बरोबर होतं. घ च होता, पण त्याच्या डोक्यावरची रेघ छपाईत उडाली होती. अख्ख्या पानावर आडव्या पांढऱ्या फटी होत्या आणि त्यातली एक नेमकी त्या ओळीच्या शिरोरेषेवरून गेली होती. मराठीत घ आणि ध यात फरक किती? डोक्यावरच्या एवढ्याशा रेघेचा. इंग्रजी कागदावर असली फट गेली तर अक्षर फिकट दिसतं, आपल्याकडे माणसाचं आडनाव बदलतं.

साहेबांना म्हटलं, पडताळणी क्रमांक टाकून ऑनलाईन बघा की. ते म्हणाले, "कोणता क्रमांक? तोच तर भिजलाय." म्हणजे खात्री करायचा जो रस्ता, तोच शाईबरोबर वाहून गेलेला. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची सरकारी फी १५ रुपये. त्यावर एसटीचं भाडं आणि आजीची दिवसाची मजुरी. हे सगळं पुन्हा.

आता कुणी म्हणेल, प्रिंटर आहे, कधीतरी बिघडणारच. नाही मंडळी. हा बिघाड कशानं होतो ते माहीत आहे आणि टाळायचा कसा तेही माहीत आहे. फक्त ते बघायचं काम कुणाकडेच दिलेलं नाही.

माझं थोडं शिक्षण स्वतःच्याच पैशानं झालंय. घरच्या इंकजेटचा मी स्वतः खून केला. रोज रात्री बोर्डाचं बटण बंद, विषय संपला. दुरुस्तीवाल्यानं हेड काढून दाखवलं तेव्हा कळलं. शाई बाहेर पडते ती छिद्रं, म्हणजे नोझल, केसापेक्षा बारीक असतात. मशीन स्वतःच्या बटणानं बंद केलं की हेड कोपऱ्यात जाऊन रबरी झाकणावर बसतं आणि छिद्रांना हवा लागत नाही. छापता छापता लाईट गेली किंवा आपण मध्येच बोर्डावरून तोडलं, तर हेड उघडंच राहतं. शाई वाळते, छिद्रं तुंबतात, पानावर फटी. आपल्या तालुक्यात लाईट दिवसातून किती वेळा जाते ते मी सांगायला नको.

मग केंद्रवाला पोरगा काय करतो? हेड क्लिनिंग. नाही जमलं की परत क्लिनिंग. प्रत्येक वेळी शाई ओढून मशीनच्या तळाच्या स्पंजमध्ये ओतली जाते. स्पंज भरला असा मशीनचा हिशोब झाला की ते छापायचंच थांबतं. शाई महाग पडते म्हणून पोरगा बाजारातून सुटी शाई आणतो, तीही बरेचदा दुसऱ्याच मशीनची. वरून ड्राफ्ट मोड लावतो. मी त्याला शिव्या देणार नाही. एका कागदामागं त्याला जे मिळतं त्यात तो आणखी काय करणार? शिव्या द्यायच्या तर केंद्राला परवानगी देताना खुर्ची, टेबल, फलक सगळं तपासणाऱ्या आणि छापलेलं पान हातात घेऊन न बघणाऱ्या साहेबलोकांना.

दुसरी गोष्ट शाईची. शाई दोन जातीची. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, पाणी लागलं की परत विरघळणार. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण, ते कागदावर धरून बसतात आणि पाण्याला बऱ्यापैकी टिकतात. टाकीवाल्या काही प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट असते, काहींमध्ये चारही बाटल्या डायच्या. खरेदी करताना हे विचारायला पैसे पडत नाहीत. पावसाळ्यात खिशातून, पिशवीतून, एसटीच्या गळक्या खिडकीशेजारून प्रवास करणारा कागद डाय शाईत छापायचा, हा निर्णय कुणाचा? कुणाचाच नाही. हेच तर दुखणं आहे.

लेझर घ्या म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे, टोनर पाण्यात विरघळत नाही. पण लेझरचा हीटर साध्या यूपीएसला झेपत नाही, म्हणून लाईट जाणाऱ्या गावात लोक इंकजेटच घेतात. हरकत नाही. इंकजेट कॉम्प्युटरच्या साध्या यूपीएसवर आरामात चालतो. मग यूपीएस जोडा, बंद करताना मशीनचंच बटण दाबा, काळी शाई पिगमेंटची ठेवा, रिमचं पाकीट ओल धरू देऊ नका. आणि रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाईकाआधी नोझल चेकचं एक पान काढा. जाळी तुटकी दिसली की त्या मशीनवर दाखला छापायचा नाही. एक मिनिटाचं काम आहे हो. गिरणीवाला पण दळण टाकायच्या आधी जातं बघतो.

आपल्याकडे २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कुठली सेवा किती दिवसांत द्यायची ते अधिसूचित केलेलं आहे, फलकावर लावलेलंही असतं. पण मुदतीत दिलेला दाखला वाचता येत नसेल तर सेवा दिली असं म्हणायचं का? माझ्या मते नाही. फुटक्या छपाईचा कागद केंद्रानं त्याच दिवशी फुकट बदलून द्यावा, आणि तो खर्च केंद्रवाल्या पोराच्या माथी न मारता प्रशासनानं उचलावा. बँकांनीही छपाईची फट आणि नावातला फरक यात गल्लत करू नये. शंका आली तर गट नंबर टाकून ऑनलाईन उतारा बघायला दोन मिनिटं लागतात.

"मोबाईलवर पीडीएफ दाखवा ना" हा सल्ला मला त्या खिडकीपाशीच एका तरुण अधिकाऱ्यानं दिला. आजीकडं बटणाचा फोन होता.

सोमवारी तहसीलला माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय, १० रुपयांचा स्टॅम्प लावून. तालुक्यातल्या केंद्रांच्या तपासणीत छपाईचा दर्जा बघतात का, बघत असतील तर शेवटचा कधी बघितला, आणि वाचता न येणाऱ्या कागदाबद्दल तक्रारी आल्या का, एवढंच विचारलंय. तुमच्याकडं असा फुटका, पसरलेला, परत आलेला कागद असेल तर फोटो काढून मला इनबॉक्स करा, अर्जाला जोडतो. आधार आणि खाते नंबर झाकून पाठवा. आणि आजींचं काम झालं का विचाराल, तर काल परत गेल्या होत्या नवीन कागद घेऊन. फटी याही कागदावर होत्या. आडनाव तेवढं वाचलं.