'न्हाणी'ला अशुद्ध कोण म्हणतं?

आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत 'बाथरूम'ला 'स्नानगृह' शिकवतात. 'न्हाणी' सुचवली, तर "ते तुमच्या कोकणातलं, शुद्ध नव्हे," असं ऐकवलं गेलं. मला हे पटत नाही.

संस्कृत 'स्नान'चं प्राकृतात 'ण्हाण' झालं आणि मराठीत 'न्हाण'. म्हणजे न्हाणी ही स्नानाचीच सख्खी लेक. 'स्नानगृह' मात्र पोथीतून परस्पर उचललेलं. 1981मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा झाल्यावर ओरोसला सरकारी कचेऱ्या आल्या, क्वार्टर्स आल्या. तिथेही कुणी "साहेब स्नानगृहात आसत" म्हणणार नाही. "बाथरूमात आसत" म्हणेल, आणि त्याला माझी हरकत नाही. इंग्रजी शब्द निदान सोवळं नेसून येत नाही.

आसपासच्या गावांत जुन्या घरांची न्हाणी मागीलदारी असते. चुलीवर तांब्याचं भाण, खाली धुमसणारी चुडतं नि सोडणं, पायाखाली घासून गुळगुळीत झालेला दगड. सांडपाणी थेट माडाच्या नाहीतर केळीच्या मुळात. धुराचा वास कपड्यांनाही लागतो. 'स्नानगृह' म्हटल्यावर यातलं काय दिसतं?

मोरी म्हणा, असं मुंबईकर सुचवतील. जरूर म्हणा, पण मालवणात 'मोरी' म्हटलं की लोक आधी वाटप काढायला घेतात, कारण तिथे ती मुशी, म्हणजे लहान शार्क.

शिवाय न्हाणं आणि आंघोळ यांत आपल्या आयांनी भेद ठेवला होता. "आज न्हायचंय" म्हणजे केस धुवायचे आहेत. एरवी नुसती आंघोळ. प्राकृतात 'अंगोहलि' म्हणजे डोकं सोडून बाकीचं अंग धुणं. 'आंघोळ' त्यातूनच आली असावी. 'स्नान' म्हटलं की हा भेद पुसला जातो. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालतात, मुलगी वयात आली की तिला न्हाण येतं. इथे 'स्नान' घालून बघा, कसं वाटतं ते. दिवाळीच्या निमंत्रणावर 'अभ्यंगस्नान' खुशाल छापा, तिथे ते शोभतं.

पुढच्या सत्राच्या शब्दयादीत न्हाणी, न्हाणं आणि आंघोळ तिन्ही घ्या. जोडीला 'विसण'ही घ्या. कढत पाण्यात घालायच्या गार पाण्याला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे, हे गीझरच्या नळाशी रोज खटपट करणाऱ्या मुलांना लगेच कळेल.