पंचाचा पोशाख

सामन्याच्या दिवशीं पंच मैदानावर कोणत्या वेषांत येतो, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. परगांवचा संघ मात्र तेंच आधीं पाहतो. धामणगांवच्या स्टेशनावर उतरून मुलें मैदानावर येतात, तों त्यांचा न्याय ज्याच्या हातीं, तो गृहस्थ यजमान शाळेच्याच रंगाचा शर्ट घालून उभा! तो मनानें कितीही निःपक्षपाती असो. हुतूतूंत गड्याचा पाय रेषेस लागला कीं नाहीं, हा वाद पहिल्या शिटीपूर्वींच पेटलेला असतो.

फुटबॉलचे पंच पुष्कळ वर्षें काळा वेष करीत. १९९४ च्या विश्वचषकांत त्यांस रंगीत शर्ट मिळाले. तरी तो रंग दोन्ही संघांहून निराळा असावा, हा दंडक सुटला नाहीं. ज्या वऱ्हाडांतून अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ सालीं बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आला, तेथें एवढा विवेक जड कां जावा?

कोट-टायचा आग्रह मात्र मला मान्य नाहीं. आपले पंच बहुधा शिक्षकच. आणि आमच्या काळ्या मातींत रेषेवर वांकणाऱ्याचे उंची कपडे तासाभरांत ओळखूं येत नाहींत! धुतलेला साधा पांढरा शर्ट, काळी पाटलोण, कॅनव्हासचे बूट, इतकें पुरे. तोही वेष घरूनच करून यावें. यजमानांच्या खोलींत चहा घेत कपडे बदलणें बरें दिसत नाहीं. ज्यास हा खर्च झेपत नसेल, त्यास शाळेनें शर्ट अवश्य द्यावा. फक्त त्यावर आपलें नांव छापूं नये.