पंजा कुणाचा? कोल्हापूरचा मोहरम आणि एक खोडसाळ प्रश्न

१/ मोहरम जवळ आला की समाजमाध्यमांवर एक ठरावीक प्रश्न उगवतो: ‘हिंदूंनी पंजापुढे नारळ का वाढवावा?’ विचारणाऱ्याचा आविर्भाव असा, की ही कुणा पुरोगाम्याने परवा काढलेली टूम आहे. तेव्हा थोडा इतिहास.

२/ इ.स. ६८० मध्ये करबला येथे पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले. पंजाची पाच बोटे म्हणजे पैगंबर, अली, फातिमा, हसन व हुसेन. मूळ प्रसंग शोकाचा. (म्हणून ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ पाठविणाऱ्यांनी जरा हात आवरावा.) दख्खनेत मात्र हा शोक गावाचा झाला, आणि गावाच्या रीतीने त्याला नवस, चोंगे व खत्तलरात्र येऊन मिळाली.

३/ आता मुख्य पुरावा. १८९३ मध्ये मुंबईत दंगा झाला. १८९४ पासून पुण्यात गणेशोत्सवाला व्यापक सार्वजनिक रूप आले. त्या काळच्या मेळ्यांच्या पदांतून हिंदूंना बजावले जाई, की ताबुतांत जाऊ नका. जे जातच नव्हते त्यांना ‘जाऊ नका’ कोण कशाला सांगेल? म्हणजे सहभाग ही जुनी रीत, बहिष्कार हीच नवी टूम! परंपरेच्या नावाने बोलणाऱ्यांनी हा क्रम ध्यानी घ्यावा.

४/ कोल्हापुरात हा बहिष्कार पुरता रुजला नाही. तालमी-तालमींत पंजे बसत राहिले. बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणेशप्रतिमा आहे. डोळे उघडे ठेवून जाणाऱ्यास दिसते. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान आणि त्यात अधिक मास नाही, म्हणून साधारण ३३ वर्षांनी मोहरम व गणेशोत्सव एकत्र येतात. २०१८ ते २०२० मध्ये ते आले, तेव्हा एकाच मांडवात गणपती आणि पंजा शेजारी बसले. कुरुंदवाडला तर मशिदीत गणपती बसतो.

५/ राजर्षी शाहूंचे नाव घेणे भागच आहे. १९०६ मध्ये त्यांनी मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभारले आणि मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले.

६/ परंतु आमच्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द. ‘सलोख्याचे दर्शन’ म्हणून दरवर्षी छायाचित्रे छापून भागत नाही. ७ जून २०२३ रोजी याच शहरात, समाजमाध्यमांवरील काही मजकुरावरून पुकारलेल्या बंदमध्ये, दगडफेक झाली. मोहरम तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांवर होता. शिवाय ‘सलोखा’ हा शब्दच मला खटकतो. तो दोन परक्यांमध्ये होतो. नवस फेडणारी बाई तर आपल्याच देवापुढे उभी असते. आणि हे सारे ‘बिदत’ ठरवून बंद करू पाहणारे मुस्लिम सुधारकही तिला विचारत नाहीत.

७/ प्रश्नकर्त्याने घरातील वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे: आपल्या घरात नवसाने कुणा मुलाला मोहरमात फकीर केले होते का? उत्तर आले की इथे खाली लिहावे.